ड्रममागचा आवाज



रेडिओ केंद्रातल्या ताई मला मागे म्हणाल्या, "तुम्ही दर वेळी कर्ज, परतफेड आणि पासबुकावरच बोलता. बीएला इतिहास होता ना तुमचा? मग एकदा इतिहासातलं काहीतरी सांगा." जिजाऊ आणि सावित्रीबाई यांच्यावर आपल्या या कार्यक्रमात माझ्याहून चांगलं बोलणाऱ्या बाया आहेत. मी आज सांगणार आहे ते एका इंग्रज गाणाऱ्या मंडळीबद्दल. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तुम्ही म्हणाल, आपला आणि त्यांचा काय संबंध? तो आधी सांगते, मग गोष्टीला लागते.

मी ज्या गटांचं काम बघते, त्यातल्या एका गटाच्या अध्यक्षताई यंदा गट सोडून गेल्या. लेकीचं बाळंतपण अवघड झालं, बाळ नाजूक, म्हणून त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि परत येणं जमणार नाही असा निरोप आला. नऊ वर्षं गट म्हणजे त्या आणि त्या म्हणजे गट, असं होतं. बँकेत त्या बोलायच्या, पंचायत समितीत त्या बोलायच्या, आठ मार्चच्या कार्यक्रमात भाषण त्यांचंच. निरोप आल्यावर पहिल्या बैठकीत अकराजणींपैकी सातच आल्या. एक म्हणाली, "गट वाऱ्यावर सोडून गेल्या." दुसरी म्हणाली, "आपली बचत वाटून घेऊ आणि गट मोडू." आणि मी, समन्वयक म्हणून, काय केलं? मी वस्तीत बोलकी, शिकलेली, नवीन बाई शोधत फिरले. दहावी झालेल्या सुना शोधल्या. दोघींच्या घरी जाऊन चहासुद्धा घेतला. हे चुकलं, हे मला ज्या गोष्टीमुळे कळलं ती आता सांगते. ही गोष्ट मला माझ्या धाकट्या भावानं सांगितली. त्याला या गाण्यांचं वेड आहे. त्यांची गाणी आपल्याला इथे वाजवता येणार नाहीत, त्याचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. म्हणून मी नुसतं बोलूनच सांगते.

इंग्लंडमध्ये सरे नावाच्या परगण्यात चार्टरहाउस ही जुनी, श्रीमंत घरांतल्या मुलांची निवासी शाळा आहे. त्या शाळेतल्या काही मुलांनी १९६७ साली एक गाण्याचा गट काढला. नाव ठेवलं जेनेसिस, म्हणजे आरंभ, उत्पत्ती. पीटर गॅब्रिएल गायचा, टोनी बँक्स पियानोसारखी पट्टीची वाद्यं वाजवायचा, माइक रदरफोर्ड आणि अँथनी फिलिप्स गिटारीवर होते. हे जे गायचे त्याला तिकडे आर्ट रॉक म्हणतात. रॉक म्हणजे गिटार आणि ड्रमवर उभं राहिलेलं, जोरकस गाणं, आणि ते बहुतेक वेळा तीन मिनिटांत संपतं. या आर्ट रॉकवाल्यांना तेवढ्यानं भागत नव्हतं. त्यांना गाण्यात कथा हवी होती, नाटक हवं होतं, युरोपातल्या शास्त्रीय संगीताची लांबरुंद बांधणी हवी होती. जेनेसिसचं १९७२ सालचं एक गाणं तेवीस मिनिटांचं आहे. आपल्याकडे भजनी मंडळ रात्री रंगात आलं की एकच अभंग अर्धा तास चालतो, तसं समजा.

या गटात माणसं जाणं हे पहिल्यापासून होतं. १९७० मध्ये अँथनी फिलिप्स गेला. त्याची तब्येत बरी नव्हती आणि मंचावर जायची त्याला धास्ती वाटायची. तो सगळ्यांचा जिवलग, त्यामुळे तेव्हाच गट मोडायला आला होता. पण त्यांनी ठरवलं, चालू ठेवायचं, आणि आता वाजवणारा चांगलाच घ्यायचा. 'मेलडी मेकर' नावाच्या संगीताच्या साप्ताहिकात जाहिरात दिली आणि ड्रम वाजवणारा शोधला. त्या जाहिरातीवरून आला फिल कॉलिन्स.

या मुलाकडे नीट लक्ष द्या. बाकीचे मोठ्या शाळेत शिकलेले, हा विम्याच्या कचेरीत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा. आई नाटकात काम करणाऱ्या मुलांना कामं मिळवून देण्याच्या व्यवसायात होती. त्यामुळे तो लहानपणीच लंडनच्या रंगभूमीवर उभा राहिला होता. 'ऑलिव्हर' नावाच्या संगीत नाटकात त्यानं खिसेकापू पोराचं काम केलं होतं. निवडीच्या दिवशी तो गॅब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी लवकर पोचला. त्याला म्हणाले, तुझा नंबर यायचा आहे, तोवर पोहून घे. घराला पोहण्याचा तलाव होता. तो पाण्यात होता आणि आत एकामागून एक ड्रमवाले तेच तुकडे वाजवत होते. त्याची पाळी येईपर्यंत ते तुकडे त्याला ऐकून ऐकून पाठ झाले होते. घेतला त्याला. काही महिन्यांनी स्टीव्ह हॅकेट हा गिटारवादक आला, आणि पाचजणांची मंडळी पुरी झाली.

पुढची चार वर्षं ही पाचजणं एकत्र होती. पण लोकांना दिसायचा एकच, पीटर गॅब्रिएल. त्याचं कारणही तसंच होतं. १९७२ साली डब्लिन शहरात तो एकदा गाण्याच्या मध्येच बायकोचा लाल झगा आणि डोक्यावर कोल्ह्याचं मुंडकं घालून मंचावर आला. बाकीच्या चौघांना आधी पत्तासुद्धा नव्हता. त्यानंतर वर्तमानपत्रांत त्याचेच फोटो. मग तो कधी फूल होऊन यायचा, कधी म्हाताऱ्याचा मुखवटा लावून, कधी डोक्यावर वटवाघळाचे पंख लावून. लोक म्हणायला लागले, जेनेसिस म्हणजे गॅब्रिएल. गाण्यांखाली नाव मात्र सगळ्यांचं एकत्र छापलं जायचं. कुठलं गाणं कोणी रचलं हे वेगळं लिहायची पद्धतच नव्हती. त्यामुळे बाहेरच्यांचा समज असा की सगळं गॅब्रिएलच लिहितो. बँक्स आणि रदरफोर्ड यांना हे टोचायचं, कारण पुष्कळसं संगीत त्यांनी रचलेलं असायचं. आणि ड्रममागून कॉलिन्स सुरुवातीपासून गात होता. गॅब्रिएलच्या आवाजाखाली जो दुसरा आवाज ऐकू येतो तो त्याचा. १९७१ च्या आणि १९७३ च्या अल्बममध्ये एकेक छोटं गाणं तर त्यानं एकट्यानं गायलं होतं. पण ड्रमवाला मागे बसतो. आपल्या भजनात पखवाजवाला दोन ओळी म्हणून जातो तेव्हा त्याचं नाव कोण विचारतं?

१९७४ मध्ये त्यांनी एक मोठी, दोन तबकड्यांची कथा रचायला घेतली. त्यातले बहुतेक सगळे शब्द मीच लिहीन असं गॅब्रिएलनं ठरवलं. एका खोलीत चौघं संगीत रचत, दुसऱ्या खोलीत तो एकटा लिहीत बसे. त्याच वेळी त्याची पहिली मुलगी जन्माला आली. जन्म अवघड झाला, बाळाच्या जिवाची काही शाश्वती नव्हती. तो वेल्समधल्या ध्वनिमुद्रणापासून लंडनच्या दवाखान्यापर्यंत गाडी हाकत राहिला. आणि गटातली बाकीची मंडळी? त्यांना कामाला उशीर होतोय याचाच त्रास होत होता. कोणालाच अजून मूलबाळ नव्हतं अशा वयाची ती पोरं. पुढे अनेक वर्षांनी मुलाखतींत त्यांनी कबूल केलं की आम्ही तेव्हा त्याच्याशी फार कोरडे वागलो.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या बैठकीतलं ते वाक्य आठवलं, "वाऱ्यावर सोडून गेल्या." ते वाक्य म्हणणाऱ्या बाईला मी अडवलं नव्हतं. मनात माझ्याही तेच होतं.

गॅब्रिएलनं त्या वर्षअखेरीस, अमेरिकेच्या दौऱ्यात, क्लीव्हलँड शहरातल्या हॉटेलात सहकाऱ्यांना सांगितलं की मी जाणार. पण त्यानं एक जबाबदारी पाळली. ठरलेला सगळा दौरा पुरा केला. शंभराच्या आसपास कार्यक्रम होते, ते करत तो १९७५ च्या मे महिन्यापर्यंत गात राहिला. तोवर बाहेर कुणाला कळू दिलं नाही. ऑगस्टमध्ये बातमी फुटली तेव्हा त्यानं वर्तमानपत्रांना पत्र लिहून आपली कारणं सांगितली. सहकाऱ्यांना त्यात दोष दिला नाही.

बातमी फुटल्यावर संगीताच्या पत्रांत एकच सूर लागला, हा गट आता संपला. शिवाय गटावर कर्ज होतं. एवढे मुखवटे, दिवे, पडद्यावरची चित्रं आणि माणसं घेऊन देशोदेशी फिरायचं म्हणजे खर्च केवढा! चेहरा गेलेला, डोक्यावर देणं, आणि वय चोवीस-पंचवीस.

आता त्यांनी काय केलं ते बघा. बातमी फुटायच्या आधीच, जुलैमध्ये, पश्चिम लंडनमधल्या अॅक्टन भागात ते एका खोलीत कामाला बसले. हॅकेट तेव्हा स्वतःचा एक अल्बम पुरा करत होता, म्हणून पहिले काही दिवस तिघंच होते. गाणार कोण हे ठाऊक नसताना त्यांनी गाणी रचायला घेतली. गायक मिळेपर्यंत थांबू, असं म्हणाले नाहीत. पहिल्या दिवसांतच दोन मोठी गाणी उभी राहिली, तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं की संगीत आपल्यातून गेलेलं नाही.

मी हे ऐकलं तेव्हा मला आपली पंचसूत्री आठवली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोबलेखन. मी कितीदा पाठ म्हणवून घेतली आहे तुमच्याकडून. यात अध्यक्षाचं नाव कुठे आहे? पाचही गोष्टी सगळ्यांनी मिळून करायच्या आहेत. अध्यक्ष नाही म्हणून त्या आठवड्याची बचत थांबवायचं काही कारणच नव्हतं. पण आमच्या गटात ती दोन आठवडे थांबली, आणि मी ती थांबू दिली.

तर इकडे गायकाचा शोध सुरू झाला. पुन्हा 'मेलडी मेकर'मध्ये जाहिरात, या वेळी गटाचं नाव न देता. जेनेसिसच्या धर्तीच्या गटाला गायक पाहिजे, असा मजकूर. सुमारे चारशे जणांनी आपापल्या आवाजाच्या कॅसेट पाठवल्या. त्यातून निवडलेल्यांना आठवड्यातला एक दिवस ठरवून बोलवत. आलेल्या माणसाला गाणं शिकवायचं काम कोणाकडे? कॉलिन्सकडे. चाल अशी आहे, इथे आवाज उचलायचा, इथे खाली यायचं, हे तो गाऊन दाखवायचा. मग उमेदवार गायचा. आठवड्यामागून आठवडे असं चाललं. शिकवणारा शिकणाऱ्यांपेक्षा बरा गातोय हे त्या खोलीतल्या कुणाच्या पटकन लक्षात आलं नाही. खुद्द कॉलिन्सच्याही नाही. त्याचं म्हणणं होतं की गायकच नको, आपण नुसतं वाद्यसंगीत करू. तो स्वतःला ड्रम वाजवणाराच समजत होता.

ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. डेव्हिड हेन्शेल हा ध्वनिमुद्रणातला जाणकार निर्माता म्हणून सोबत होता. वाद्यांचं काम होत आलं तरी गायक नक्की नव्हता. एका उमेदवाराला स्टुडिओपर्यंत आणलं. आवाज चांगला होता, पण वाद्यं आधीच वाजवून ठेवलेली, त्यांची पट्टी त्याच्या गळ्याला बसेना. आता कसं करायचं? तेव्हा कॉलिन्स म्हणाला, मी एकदा बघू का गाऊन? गाणं होतं 'स्क्वाँक'. कॉलिन्स ते गायला, आणि शोध तिथे थांबला.

'स्क्वाँक' गाण्यातली गोष्टही सांगते. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या रानांत राहणारा हा लोककथेतला प्राणी. अंगावर चामखिळी, कातडी ढिली, दिसायला इतका विद्रूप की लाजेनं सदा लपून बसतो आणि रडतो. एका माणसानं त्याला पकडून पोत्यात घातलं. घरी नेताना पोतं एकाएकी हलकं झालं. उघडून बघतो तर आत नुसतं पाणी. प्राणी रडून रडून विरघळून गेला होता. लपून बसणाऱ्याचं हे गाणं, आणि तेच गाऊन ड्रममागे बसणारा माणूस पुढे आला. हा योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

अल्बम १९७६ च्या फेब्रुवारीत आला. नाव 'अ ट्रिक ऑफ द टेल', म्हणजे शेपटीची करामत. आठ गाणी, एकूण एकावन्न मिनिटं. पहिलं गाणं ज्वालामुखीवर नाचण्याबद्दल आहे. त्यात बराच भाग सात मात्रांचा आहे, आपला रूपक ताल जसा सातांचा असतो तसा. पाऊल नेहमीच्या ठिकाणी पडतच नाही. ज्यांच्या पायाखालची जमीन नुकतीच हलली होती त्यांनी सुरुवातीला हेच गाणं ठेवलं. दुसरं गाणं झोपेतल्या आणि दवाखान्यातल्या स्वप्नांचं, हळू, अंगाईच्या अंगानं जाणारं. एक गाणं चोराचं आहे. त्यात कॉलिन्स लंडनच्या गल्लीतल्या बोलीत, नाटकातल्यासारखं गातो. लहानपणीचा खिसेकापू तिथे कामाला आला. एक गाणं पाण्यावरच्या तरंगांचं आणि ओसरत्या तारुण्याचं. अल्बमच्या वेष्टनावर गाण्यांमधली पात्रं जुन्या पुस्तकातल्या चित्रांसारखी काढली आहेत, त्यात आरशात बघणारी एक म्हातारी आहे. ती या गाण्यातली. नावाचं गाणं आहे शिंगं आणि शेपूट असलेल्या प्राण्याचं. विल्यम गोल्डिंग यांच्या एका कादंबरीवरून ते बँक्सला सुचलं. हा प्राणी आपलं गाव सोडून माणसांच्या शहरात येतो आणि माणसं त्याला पिंजऱ्यात घालून तमाशा करतात.

शेवटच्या गाण्यात बहुतेक वाद्यंच आहेत. अल्बमच्या आधीच्या गाण्यांतले तुकडे त्यात फिरून येतात. आणि अगदी संपता संपता, दूर जाणाऱ्या आवाजात, कॉलिन्स दोन ओळी गातो. त्या या अल्बममधल्या नाहीत. गॅब्रिएल जे तेवीस मिनिटांचं गाणं गायचा त्याच्या शेवटाकडून त्या घेतल्या आहेत. ऐकणारे समजले की हा गेलेल्या माणसाला निरोप आहे. त्यासाठी सत्कार केला नाही की भाषण केलं नाही. त्याचे शब्द आपल्या कामात शेवटी ठेवले, एवढंच.

इंग्लंडच्या यादीत अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. गॅब्रिएल असतानाच्या सगळ्यात यशस्वी अल्बमनं जेवढी मजल मारली होती तेवढीच. अमेरिकेत तर तो एकतिसाव्या क्रमांकावर गेला, तिथे तोवर त्यांचा एकही अल्बम इतका वर गेला नव्हता.

पण अल्बम झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. स्टुडिओत आधी ड्रम वाजवून घ्यायचे आणि नंतर गायचं, हे जमतं. मंचावर एक माणूस दोन जागी कसा असणार? तेव्हा बिल ब्रुफर्ड हा नावाजलेला ड्रमवादक त्या दौऱ्यापुरता आला. आपल्या जागेवर दुसऱ्याला बसवून कॉलिन्सला पुढे उभं राहायचं होतं. त्याला गाण्याची भीती नव्हती. दोन गाण्यांच्या मध्ये लोकांशी काय बोलायचं याची होती. गॅब्रिएल अशा वेळी चमत्कारिक गोष्टी सांगायचा, त्या ऐकायलासुद्धा लोक येत. २६ मार्च १९७६ रोजी कॅनडातल्या लंडन नावाच्या गावी पहिला कार्यक्रम झाला. कॉलिन्सनं गॅब्रिएलची नक्कल केली नाही. मुखवटे घातले नाहीत. स्वतःसारखा, थट्टामस्करी करत बोलला. लोकांनी त्याला घेतलं.

आता मैत्रिणींनो, मी इथे थांबले तर गोष्ट गोड होईल, पण अर्धी राहील. या अल्बममध्ये त्यांनी आणखी एक बदल केला होता. पहिल्यांदा प्रत्येक गाण्याखाली रचणाऱ्याचं नाव वेगळं छापलं. लोकांना कळावं की काम कोणाचं आहे. हे योग्यच होतं. पण नावं लिहिली की मोजताही येतात. मी मोजली. आठही गाण्यांवर बँक्सचं नाव आहे. रदरफोर्डचं चारांवर, कॉलिन्सचं तीनांवर, हॅकेटचं तीनांवर. हॅकेटला वाटत राहिलं की माझ्या गाण्यांना इथे पुरेशी जागा मिळत नाही. पुढच्या अल्बमनंतर, १९७७ मध्ये, तोही गेला. त्याच्यानंतरच्या अल्बमचं नावच असं आहे की मग उरले तिघे. म्हणजे ज्या गटानं मागे बसलेल्या एकाचा आवाज ओळखला, त्याच गटाला बाजूला बसलेल्या दुसऱ्याचं म्हणणं नीट ऐकू आलं नाही. एकदा ऐकलं म्हणून कायमचं ऐकायला येतं असं नसतं. आपल्या गटातलं हिशोबाचं रजिस्टर कधीतरी याच नजरेनं उघडून बघा. अंतर्गत कर्ज कोणाला किती वेळा मिळालं? प्रशिक्षणाला कोण गेलं? इतिवृत्तात सूचक म्हणून कोणाचं नाव येतं आणि कोणाचं कधीच येत नाही?

आणि गेलेल्या गॅब्रिएलचं काय झालं? त्यानं १९७७ मध्ये एकट्याचा पहिला अल्बम काढला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं गट सोडण्याच्या निर्णयाबद्दलच आहे. मग १९८२ मध्ये त्यानं जगभरचं संगीत एका जागी आणणारा मोठा उत्सव इंग्लंडमध्ये भरवायला पुढाकार घेतला. उत्सव चांगला झाला, पण पैशात जबर खोट आली आणि देणेकरी मागे लागले. तेव्हा कोण धावून आलं? हाच गट, ज्याला तो सात वर्षांपूर्वी सोडून गेला होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मिल्टन कीन्स इथे, भर पावसात, जेनेसिसनं गॅब्रिएलला पुढे उभं करून जुनी गाणी केली आणि त्या पैशातून देणी भागवायला मदत झाली. शेवटच्या गाण्यांना हॅकेटही येऊन मिळाला. त्या रात्री कॉलिन्स पुन्हा ड्रममागे बसला. तोवर तो स्वतः जगभर नावाजलेला गायक झाला होता, तरी त्याला ते कमीपणाचं वाटलं नाही.

एक तारीख सांगते आणि ही गोष्ट संपवते. जेनेसिसचा अगदी शेवटचा कार्यक्रम २०२२ साली झाला, इंग्लंडच्या लंडनमध्ये. तारीख होती २६ मार्च. कॉलिन्स पहिल्यांदा पुढे उभा राहिला तो दिवसही हाच. मधे सेहेचाळीस वर्षं गेली होती. आजारपणामुळे त्याला आता उभं राहता येत नव्हतं, ड्रमही वाजवता येत नव्हते. तो खुर्चीवर बसून गायला. त्याच्या मागे ड्रमवर त्याचा मुलगा होता. आणि ऐकायला आलेल्या लोकांत पीटर गॅब्रिएल बसला होता.

भावानं मला हे सगळं सांगितलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी दोन घरी चहा घेऊन आले होते, पण आमच्या त्या अकराजणींमध्ये कोण काय करतं हे मी कधी मांडून बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गटाची जुनी रजिस्टरं घेऊन बसले. नऊ वर्षांत बैठकीला एकदाही न चुकलेली एकच बाई होती. ती दाराशी बसते. नोटा मोजते. कोणाचा हप्ता राहिला, कोणाचा पुढच्या आठवड्यात येणार, हे तिला तोंडपाठ. नवीन बाई आली की तिला नियम हीच समजावते. अध्यक्षताई बँकेत बोलायच्या तेव्हा आकडा अडला की मागे वळून हिलाच विचारायच्या. मी हे शंभरदा डोळ्यांनी पाहिलं होतं. ती चौथी शिकलेली आहे म्हणून माझ्या मनात तिचं नाव आलं नाही.

मी पुढच्या बैठकीत तिचं नाव सुचवलं नाही. ते माझं काम नव्हे. मी फक्त रजिस्टर मोठ्यानं वाचून दाखवलं, तारखांसकट. मग बायका आपापसात बोलल्या. ती म्हणाली, "मला भाषण करता येत नाही." एक म्हातारी सदस्य म्हणाली, "अगं, भाषण वर्षातून एकदा. हिशोब दर आठवड्याला." ठराव झाला. अकरापैकी दहाजणी हजर होत्या, दहाही सह्या झाल्या, त्यातले तीन अंगठे. आता बँकेत सह्या बदलायची कागदपत्रं द्यायची आहेत. बँकेत बोलताना ती अडखळेल, मला ठाऊक आहे. आम्ही दोघी-तिघी सोबत जाऊ, पण बोलायचं तिनंच, असं ठरलं आहे.

आणखी एक झालं. जुन्या अध्यक्षताईंना फोन लावला. लावणारी तीच, "वाऱ्यावर सोडून गेल्या" म्हणणारी. बाळ कसं आहे विचारलं. बाळानं आता वजन धरलं आहे. फोन सगळ्याजणींच्या हातातून फिरला. त्यांची बचत किती, व्याज किती, हे नव्या अध्यक्षांनी वाचून दाखवलं, एक रुपयाचासुद्धा फरक नव्हता. ऐकून ताई पलीकडे रडल्या. मग म्हणाल्या, "हे वाचतंय कोण? आवाज ओळखीचा वाटतोय."